सोलून निघणारा काळा रंग

(बी. कॉम., भाग दोन)

आमच्या बेळगावात 'काळे' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. इतर गावी तो नुसता एक रंग. इथे एक नोव्हेंबरला राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी मराठी माणसांतले बरेचजण काळा दिवस पाळतात. फलकाला काळे, बसगाडीला काळे, कधी कुणाच्या तोंडाला काळे, अशा बातम्या वाचतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अशा या गावात, तेही एका रंगाऱ्याच्या अंगणात, भर दिवसा मी एका मोटारीच्या अक्षरांना काळे लावले. त्याची ही हकीकत.

मोटारीच्या नाकावर आणि पाठीवर कंपनीचे बोधचिन्ह आणि नाव चकचकीत क्रोमच्या अक्षरांत बसवलेले असते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. हल्लीच्या तरुण मंडळींना ती चकाकी नकोशी झाली आहे. गाडी पांढरी असो की लाल, तिच्यावरची चिन्हे काळी हवीत, अशी टूम निघाली आहे. कारखानदारांनीही वारा ओळखला. टाटांनी २०१९ साली हॅरिअर गाडीची 'डार्क' आवृत्ती काढली, मग इतरांच्याही काळ्या आवृत्त्या आल्या. ज्याच्याजवळ तशी नवी गाडी घेण्याइतके पैसे नाहीत, तो फवाऱ्याचा एक डबा विकत आणतो.

माझा एक वर्गमित्र बैलहोंगलचा. घरची भाषा कन्नड, आणि मराठी माझ्या कन्नडाइतकेच, म्हणजे बाजारापुरते चोख. त्याच्या वडिलांनी एक जुनी पांढरी स्विफ्ट घेतली. ती घेऊन तो एका रविवारी आमच्याकडे शहापूरला आला, तो पिशवीत डबा घालूनच. "तुझे वडील पेंटर आहेत, तुला हे जमेल," असे त्याचे साधे गणित.

त्या डब्यात असते ते पातळ केलेले कृत्रिम रबर. अमेरिकेत 'प्लास्टी डिप' या नावाने हा प्रकार प्रसिद्ध झाला. मूळ उपयोग मोटारींचा नव्हेच. पान्या-पकडींच्या मुठी त्यात बुडवून काढायच्या, म्हणजे हाताला पकड चांगली बसते. पुढे तो फवाऱ्याच्या डब्यात आला आणि लोकांनी गाडीची चाके, जाळ्या, चिन्हे रंगवायला घेतली. गंमत अशी की वाळल्यावर त्याचे रबरी कातडे बनते. नखाने कड उचकटून ओढले, की भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे सुटून येते आणि खालची वस्तू जशीच्या तशी राहते.

साधा काळा रंग का मारू नये, असे कोणी विचारील. उद्यमबागेत प्लेटिंगच्या कारखान्यात काम करणारे आमचे एक शेजारी आहेत, त्यांनी मला हे समजावून दिले. गाडीवरची ती अक्षरे लोखंडाची नसतातच. आत प्लॅस्टिक, त्यावर तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा मुलामा, एका मायक्रॉनहूनही पातळ. एवढ्या गुळगुळीत पृष्ठावर साधा रंग नीट धरत नाही. धरावा म्हणून पॉलिशकागद घासला तर मुलामा गेला, आणि पुढे मन बदलून थिनर लावला तर आतले प्लॅस्टिकही बिघडायचे. म्हणजे एकदा रंगवले की परत फिरणे नाही. जुनी गाडी घेणारा माणूस ती पुन्हा विकण्याचा विचार मनात ठेवूनच घेतो. त्याला सोलून निघणारा रंगच परवडतो. (आम्ही हिशेबशास्त्रात 'गुडविल' शिकतो. नाव झाकलेल्या गाडीचे गुडविल ताळेबंदात कुठे दाखवायचे, हा प्रश्न मी सरांना अजून विचारलेला नाही.)

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. गाडीच्या नोंदणीपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे सबंध गाडी वेगळ्या रंगात रंगवायची तर परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागते. बोधचिन्हाचा रंग त्यात नसतो. नंबराच्या पाटीला मात्र थेंबही लागता कामा नये.

आता खरी अडचण. बाबा सकाळी अंगणात आले, गाडी पाहिली, डबा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "काळं फासायचं काम माझ्या दारात नको."

मित्राला वाटले, काका थट्टा करतात. मला ठाऊक होते, ती थट्टा नव्हती. बाबा फलक रंगवतात. फ्लेक्सची छपाई आली तेव्हापासून ते काम चौथाईवर आले. आता बहुतेक मंदिरे, शाळांच्या भिंती, आणि एखादा हट्टी जुना दुकानदार. पण त्यांच्या उमेदीच्या काळात खडेबाजारात त्यांच्या हातचे फलक ओळीने होते, मराठी आणि कन्नड दोन्ही. मराठी अक्षरे दोरीवरच्या कपड्यांसारखी एका रेघेला टांगलेली असतात, म्हणून आधी खडूची दोरी मारून घ्यायची. कन्नड अक्षर मात्र आपली टोपी आपल्याच डोक्यावर घेऊन येते, त्या टोपीला ते लोक तलकट्टु म्हणतात, आणि तिचा फराटा चुकला तर सबंध अक्षर दारू प्यायल्यासारखे दिसते. हे सारे बाबांनी मला लहानपणी पाटीवर काढून दाखवलेले आहे. ते कन्नड शाळेत गेले नाहीत. कन्नड त्यांनी ब्रशाने शिकले.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. बाबांनी एका कापडदुकानाचा बारा फुटी फलक केला होता. पिवळी जमीन, वर कन्नड, खाली मराठी, दोन्हींना तांबडी सावली. तीन दिवसांचे काम. फलक चढून दोन दिवस झाले आणि रात्री त्यावर कोणीतरी डांबर ओतले. कोणी, हे बाबा आजवर सांगत नाहीत. विचारले तर म्हणतात, "फलकावर दोन्ही होती, दोन्ही गेली." सकाळी ते आणि दुकानदार रॉकेल आणि चिंध्या घेऊन शिडीवर चढले. डांबर निघाले, पण खालचा इनॅमल जेमतेम दोन दिवसांचा, पुरता पिकलेला नव्हता, तोही डांबराबरोबर चिंधीत आला. तासाभरात शिडीसमोर उरला तो नुसता डागाळलेला पिवळा पत्रा. दुकानदाराने पैसे बुडवले नाहीत, हे सांगायलाच हवे. मात्र नवा फलक त्याने नुसत्या इंग्रजीत करून घेतला, आणि त्या फलकाला पुढे कोणीही हात लावला नाही. बाबा ही गोष्ट दर वेळी याच वाक्यावर संपवतात, आणि ऐकणाऱ्याने हसावे की काय करावे हे त्याच्यावर सोडतात.

मी वाद घातला नाही. न्हाणीघरातल्या नळाच्या चकचकीत तोटीवर, पाणी बंद करून, तो काळा फवारा चार वेळा मारला आणि दुपारी जेवणे झाल्यावर बाबांना बोलावले. तोटी काळी ठिक्कर. नखाने कड उचलली आणि ओढली. सबंध टोपण हातात आले, आत तोटी पहिल्यासारखी लखलखीत. बाबांनी ते रबरी टोपण चिमटीत धरून आतून बाहेरून पाहिले. "पुन्हा कर," म्हणाले. मी पुन्हा केले. मग ते मित्राकडे वळून कन्नडात म्हणाले, "मागची अक्षरे बारीक आहेत, कडा मी कापीन."

यापुढचे काम सोपे नाही, पण चिकाटी असलेल्या कोणालाही जमेल. प्रथम साबणाच्या पाण्याने चिन्हे घासून धुतली. जुन्या मेणाचा अंश राहिला तर थर धरत नाही. नंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. भोवताली चिकटपट्टी लावून बाकीची गाडी वर्तमानपत्रांनी झाकली. डाव्या अंगाला 'तरुण भारत' आणि उजव्या अंगाला मित्राच्या खोलीवरचा 'संयुक्त कर्नाटक', जे हाताशी आले ते. अक्षरांच्या अगदी कडेने पट्टी लावायची नसते. चारी बाजूंनी दोन बोटे मोकळी जागा सोडायची आणि त्या जागेवरही खुशाल फवारा मारायचा. ती नंतर सोलायचीच असते.

डबा मिनिटभर चांगला हलवावा. वीतभर अंतरावरून, हात चालता ठेवून, पहिला हात अगदी विरळ मारावा, धुके पडल्यासारखा. तेव्हा काम फसल्यासारखे दिसते आणि मनुष्य घाईने दाट मारायला जातो. तिथेच ओघळ येतात. पहिला हात खडबडीत राहिला पाहिजे, पुढचे त्यालाच धरून बसतात. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आम्ही पाच हात दिले. काटकसर म्हणून दोनच दिले तर रंग काळा दिसेल, पण पुढे सोलताना कातडे सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघेल. हे हवे कोरड्या हवेत. आमच्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय डब्यातला वायू पेट घेणारा, तेव्हा काम उघड्यावर, नाकाला फडके बांधून, आणि विडीवाल्याला दूर बसवून.

शेवटचा हात ओला असतानाच चिकटपट्टी ओढून काढली. चार तास गाडी तशीच उभी. संध्याकाळी बाबा चष्मा लावून, पाटावर बसून, दात कोरायची काडी आणि आईची सुई घेऊन मागच्या दाराशी बसले. अक्षराच्या कडेने काडी फिरवायची, म्हणजे कातडे तिथे तुटते. मग भोवतालचे काळे सोलून घ्यायचे, पत्र्याचा पांढरा रंग मोकळा होतो आणि काळे फक्त अक्षरावर राहते. 'स्विफ्ट'मधल्या इंग्रजी अक्षरांच्या सांदीकोपऱ्यांतून बाबांनी सुईने जे बारीक कण काढले, ते मी तासभर बसून काढले असते तरी निघाले नसते. तीस वर्षे खारीच्या केसांचा ब्रश धरलेला हात तो. मित्र मागे उभा राहून म्हणाला, "भाळ चलो आगैति री, काका." फार छान झाले आहे. बाबा म्हणाले, "इंग्रजीच आहे ना, राहील." यावर आम्ही तिघेही हसलो. मोठ्याने मित्रच हसला.

खर्चाचा हिशेब द्यायचा तर डबा सव्वापाचशेला पडला आणि त्यातला निम्माही संपला नाही. बाबांनी मजुरी घेतली नाही. मित्राने पुढच्या खेपेला गोकाकचा करदंट आणला.

मधल्या काळात बाबांच्या डोक्यात हा डबा घोळत असावा, कारण गाड्यांची मला माहीत नसलेली चौकशी ते करू लागले. २०२४ साली कर्नाटकात नामफलकाच्या वरच्या भागात साठ टक्के कन्नड हवे असा कायदा झाला, तेव्हा कितीएक दुकानदारांनी नवा फलक होईपर्यंत जुन्यावर कापड बांधले होते. बाबांच्या हातचे दोन जुने फलक त्या वेळी कायमचे उतरले, भंगारात गेले. "कापड बांधलं तर निदान सोडता येतं," असे ते तेव्हाही म्हणाले होते.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मित्राचा फोन आला. घरी आयुधपूजेला गाडी धुऊन उभी केली, आणि त्याची अव्वा हळदकुंकवाचे ताट घेऊन आली ती गाडीसमोर थबकलीच. काळ्यावर कुंकू कसे लावायचे? सणाला हे निघाले पाहिजे. मी त्याला फोनवरच सांगितले: कोपऱ्यापासून नखाने उचल, हळू ओढ, अडेल तिथे कोमट पाण्याचे फडके धर, पेट्रोल लावू नकोस, त्याने ते विरघळून चिकट लगदा होतो. दहा मिनिटांत त्याने सगळे काढले. पाठीमागचे प्रत्येक अक्षर सुटे निघाले. ती कातडी त्याने फेकली नाहीत; दसरा झाल्यावर येताना एका पाकिटात घालून आणली आणि काकांच्या हातात दिली. आतल्या बाजूने प्रत्येक अक्षराचा साचा उमटला होता, कोपरे आणि कडांसकट.

बाबा ती बराच वेळ उजेडाला धरून पाहत बसले. मग आत जाऊन दोन पत्रे घेऊन आले. एक दहा वर्षांपूर्वीचा, त्यांच्याच हातचा, कुठल्याशा गिरणीचा उतरवलेला फलक. त्याचे निम्मे मराठी होते. दुसऱ्यावर त्यांनी आठच दिवसांपूर्वी एका मठासाठी नमुना म्हणून कन्नड लिहिले होते. "दोन्हीवर मार," म्हणाले, "हे गाडीवरचं क्रोम नव्हे, माझा इनॅमल आहे. बघू दे."

मी दोन्हींवर पाच-पाच हात दिले. दुसऱ्या दिवशी जुन्या पत्र्यावरचे कातडे सलग निघाले आणि खालची अक्षरे थोडी अधिक स्वच्छ होऊन वर आली. दहा वर्षांची धूळ काळ्याबरोबर गेली. नव्या पत्र्यावर मात्र फवाऱ्यातल्या द्रावणाने इनॅमल सुरकुतला होता. कातडे ओढताच दोन अक्षरांचा लाल पापुद्रा त्याला चिकटून आला. बाबांनी अंगठ्याने उरलेले अक्षर दाबून पाहिले. "कच्चा आहे अजून," एवढेच म्हणाले.

त्यांनी तेवढी दोन अक्षरे पुन्हा लिहिली, पत्र्याच्या पाठीवर खडूने तारीख घातली आणि तो अंगणाच्या भिंतीला वाळत टांगला. मठाला दुसरा नमुना गेला. हा पत्रा संक्रांतीपर्यंत उतरवायचा नाही, अशी आम्हा सर्वांना ताकीद आहे, आणि डबा बाबांच्या ब्रशांच्या फळीवर जाऊन बसला आहे. हलवून पाहिला तर आत अजून बराच माल आहे.