वाटी, तराजू आणि पाकाची तार

मोजमापाच्या बाबतीत आपली मराठी स्वयंपाकघरे कमालीची बेफिकीर असतात. 'दोन वाट्या साखर', 'पाऊण वाटी तूप', 'मावेल तितका मैदा' असे लिहून गृहिणी मोकळी होते. वाटी कोणती, हे कोणी विचारीत नाही, कारण ती समोरच्या फळीवर असते. राज्य शासनाच्या वैधमापन खात्यात आमची उणीपुरी तेहेतीस वर्षे गेली. दुकानदारांच्या तराजूंची आणि वजनांची तपासणी करून आम्ही शिक्के मारले. घरच्या वाटीवर मात्र आमचा अधिकार कधी चालला नाही.

तो चालवण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आला. आमच्या सूनबाई वारंगळकडच्या, तेलुगुभाषक. नानकटाई, नारळाच्या वड्या आणि संक्रांतीचा काटेरी हलवा हे तिन्ही पदार्थ शिकण्याची त्यांनी इच्छा धरली. शिकवणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींची दृष्टी मात्र अलीकडे मध्यभागीच अंधूक होत चालली आहे. कडेचे दिसते, नेमके जे पाहायचे तेच दिसत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पाकाची तार धरून पाहणे, हे तर सर्वस्वी डोळ्यांचे काम. तेव्हा जे द्यायचे ते लवकर देणे प्राप्त होते, आणि तेही आमच्या घरची वाटी कधी न पाहिलेल्या हातांत.

आधाराला मातोश्रींची जुनी वही होती. तिच्यात 'पावशेर साजूक तूप', 'दीड छटाक खसखस' असे उल्लेख आहेत. आपल्या देशात दशमान वजनांचा कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून ती वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली, वही त्याआधीची. पण शेराचा हिशेब अवघड नाही. शेर ऐंशी तोळ्यांचा धरला तर पावशेर म्हणजे सुमारे 233 ग्रॅम आणि छटाक म्हणजे 58. खरी अडचण वाटीची. ती पितळी, कल्हईची वाटी वाटणीत आमच्या भगिनीकडे परभणीला गेलेली. दूरध्वनी करून आम्ही तिला ती काठोकाठ पाण्याने भरून त्या पाण्याचे वजन करायला सांगितले. "अरे दादा, निवृत्त झालास ना तू? आता माझ्या घरी तपासणी?" एवढे बोलून तिने केले मात्र. पाणी भरले 165 ग्रॅम, म्हणजे वाटी 165 मिलिलिटरची. त्या वाटीने दोन वाट्या साखर म्हणजे 280 ग्रॅमच्या आसपास. साठ-पासष्ट वर्षांचे एक गूढ पाच मिनिटांत सुटले.

नवशिक्याने पहिली कोणती वस्तू घ्यावी, असे कोणी विचारले तर आम्ही निःशंकपणे एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा घरगुती डिजिटल काटा सांगू. हा खात्याचा अभिमान समजू नये. मैदा चाळून हलक्या हाताने कप भरला तर 120 ग्रॅम बसतो, दाबून भरला तर तोच कप 150 ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने नानकटाई तडकते किंवा दगड होते, आणि बिचारी मुलगी आपल्या हाताला दोष देत बसते. काटा बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. 2011 च्या मालिकेतील दहा रुपयांचे नाणे 7.71 ग्रॅमचे असते. अशी दहा नाणी ठेवली की काट्याने 77 दाखवले पाहिजेत.

बाकीच्या खरेदीसाठी सूनबाईंसह आम्ही बेगमबाजारात गेलो. भांड्यांसाठी हैदराबादकराने अन्यत्र जाऊ नये, असे आमचे जुने मत आहे. जाड बुडाचे पातेले, बारीक मैद्याची चाळणी, दोन सपाट ट्रे, उष्णता सोसणारा सिलिकॉनचा कालथा आणि एक रुंद परात, एवढ्यात काम भागले. दुकानदाराने फुलांच्या आकाराच्या बावन्न नळ्यांचा संच पुढे केला. तो आम्ही परत सारला. क्रीमची फुले काढण्याआधी बिस्किट भाजता यावे.

ओव्हनविषयी फार लिहीत नाही. त्याच्या खटक्यावर 180 लिहिलेले असते, आत तितके असेलच असे नाही. आत ठेवण्याचा छोटा तापमापक घ्यावा म्हणजे वाद मिटतो. आमच्या लहानपणी काचीगुड्याला घरात ओव्हन नव्हताच. दिवाळीपूर्वी मळलेल्या पिठाचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून, खडूने आडनाव घालून, ते बेकरीच्या भट्टीवर न्यायचे आणि तिथेच बाकावर बसून राहायचे. 1953 साली खानचंद रामनानी या फाळणीत आलेल्या सिंधी गृहस्थांनी सुरू केलेल्या कराची बेकरीची फ्रूट बिस्किटे तेव्हा आम्हाला चैनीची वाटत. घरची नानकटाई ही हक्काची.

पाकाचे प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. साखरेचा पाक जसजसा आटतो तसतसे त्याचे तापमान चढते, कारण पाणी कमी होत जाते. तारेचा पाक साधारण 106 ते 112 अंशांवर, मऊ गोळीचा 112 ते 116 वर, कडक गोळीचा 121 च्या पुढे, आणि पाण्यात टाकताच कडकन मोडणारा पाक 150 च्या आसपास. हे आकडे समुद्रकाठचे. हैदराबाद पाचशेहून अधिक मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळते. म्हणून साखरेचा तापमापक आधी उकळत्या पाण्यात धरावा, शंभराला जितके कमी पडेल तितके पुस्तकातील आकड्यांतून वजा करावे. आमचे दोन अंश कमी पडले. टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये. बूड पाकाहून तापलेले असते.

सौभाग्यवती या उपकरणावर प्रथम नाराज होत्या. "अहो, काचेच्या नळीला काय कळणार?" त्या चुलीपासून जरा दूर, खुर्चीवर बसल्या. नारळाच्या वड्यांचा पाक उकळत होता, सूनबाई नळीवर डोळे लावून उभ्या. एकाएकी सौभाग्यवती म्हणाल्या, "थांब, आता खोबरं घाल." बुडबुड्यांचा आवाज जड झाला होता म्हणे. नळीत पारा 111 वर होता, म्हणजे परातीत थापल्यावर वडी पडावी असा, गोळीच्या उंबरठ्यावरचा. "अत्तय्या, आवाज पुन्हा कसा येतो ते सांगा," म्हणून सूनबाईंनी कान पातेल्याकडे केला. त्यानंतर दोनदा त्यांनी केवळ ऐकण्यासाठी रिकामा पाक उकळला. साखर वाया गेली. आम्ही हरकत घेतली नाही.

हलव्याला मात्र यापैकी बहुतेक साधने निरुपयोगी. मंद आचेवर परात, तिच्यात तीळ, त्यावर चमचा चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवणे. पाक सुकला की पुन्हा चमचा. असे तीन-चार दिवस चालते. थंड कोरडी हवा लागते, ती पौषात हैदराबादेत मिळते. परातीपुढे सौभाग्यवती बसल्या, पाक सूनबाईंनी मोजून सोडला. तिसऱ्या दिवशी दुपारी सौभाग्यवतींच्या बोटांना काटा लागला. "आला गं," म्हणून त्यांनी सुनेचा हात ओढून परातीत घातला.

हलवा 410 ग्रॅम भरला. वहीत मातोश्रींच्या 'दोन वाट्या'शेजारी तो आकडा सूनबाईंनी तेलुगू अक्षरांत लिहून ठेवला आहे.