बिघाड लपवणारे आकडे

सिंगापूरच्या लिटिल इंडियात सेरंगून रोडवरच्या सराफी दुकानांत ‘९१६’चा, म्हणजे २२ कॅरेट सोन्याचा, ग्रॅमचा आजचा भाव पाटीवर लावलेला असतो. मनी चेंजरच्या खिडकीत रुपयाचा दर लागतो, पेट्रोल पंपावर लिटरचा भाव लागतो, तशीच ही पाटी. बहुतेकदा तिन्हींचं तंत्रही एकच असतं: सात पट्ट्यांचा एलईडी आकडा. पाटी करून घेणारा सहसा उजेडाबद्दल विचारतो, लांबून दिसेल का, उन्हात दिसेल का. एलईडी स्वस्त आणि प्रखर झाल्यापासून ती अडचण जवळजवळ संपली आहे. आम्हा पाट्या बनवणाऱ्यांची खरी परीक्षा वेगळीच आहे, असं मला ठामपणे वाटतं. पाटी बिघडली, तर ती बिघडल्याचं बघणाऱ्याला कळतं का?

ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रँक वुड यांनी १९०८ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या आकड्याला आठ पट्ट्या होत्या; आठवी होती चारच्या तिरप्या रेघेसाठी. पुढे सातांवर भागलं. सात पट्ट्यांच्या चालू-बंद मिळून १२८ आकृती होतात आणि आपल्याला लागतात फक्त दहा. एवढी मोकळी जागा असताना एक पट्टी गेली तर काहीतरी वेडंवाकडं दिसायला हवं. पुष्कळदा दिसतंही. पण आठची मधली पट्टी विझली की स्वच्छ शून्य दिसतं. उजवीकडची वरची विझली तर सहा, डावीकडची खालची विझली तर नऊ. नवाचे तीन किंवा पाच होतात, सहाचे पाच, साताचा एक. ग्रॅमला ११८ डॉलर असा भाव असेल आणि शेवटच्या आठची मधली पट्टी गेली, तर रस्त्यावरून ११० वाचला जातो. दहा ग्रॅमच्या साखळीमागे हा ८० डॉलरचा फरक आहे, आणि पाटीकडे पाहून कुणालाही शंका येत नाही.

पाटीवरचा आकडा काही अंतिम किंमत नसतो; त्यावर घडणावळ चढते, ९ टक्के जीएसटी लागतो, बिल काउंटरवर होतं, मग एवढी काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. घडणावळीवर घासाघीस होते, ग्रॅमच्या भावावर सहसा होत नाही. मंगळसूत्र घ्यायला आलेलं कुटुंब दुकानादुकानांत तुलना करतं ती याच आकड्यावरून. काउंटरवर वेगळा भाव ऐकला की त्यांना पट्टी विझल्याचं सुचत नाही. दुकानदार फसवतोय असं वाटतं. सचोटीने धंदा करणाऱ्या माणसाची पत सोल्डरच्या एका सुटलेल्या डागामुळे जावी, हे मला फार लागतं.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक पट्टीत एलईडींच्या दोन स्वतंत्र माळा घालाव्यात. एक तुटली तर पट्टी अर्धवट उजळेल आणि दोष नजरेला खुपेल. त्याहून चांगलं म्हणजे पट्टीतून वाहणारा प्रवाह मोजावा, आणि तो नसेल तर पूर्ण आकड्याच्या जागी आडव्या रेघा दाखवाव्यात. दिवाळीच्या गर्दीत पाटीवर नुसत्या रेघा कोणत्या दुकानदाराला परवडतील, ही हरकत खरी आहे. पण रेघा दिसल्या की तो कागदावर भाव लिहून लावू शकतो. चुकीचा आकडा दिसत असताना काही करायला हवं, हेच त्याला कळत नाही.

आता बरेच जण टीव्हीसारखा पडदा लावतात आणि हा प्रश्न मिटला असं समजतात. पडद्यावर पट्टी विझत नाही, पण जोडणी तुटली की कालचा भाव तितक्याच झळाळीने उभा राहतो. सोन्याचा भाव दिवसातही हलतो. म्हणून पडदा असो वा पट्ट्या, भावाशेजारी तो कधी बदलला ती वेळ असावी, आणि ठरलेल्या मुदतीत नवा भाव आला नाही तर पाटीने आपणहून रेघांवर जावं. हे काम चार ओळींच्या प्रोग्रॅमचं आहे. किमतीत जवळपास फरक पडत नाही, आणि ते गिऱ्हाइकाने मागेपर्यंत आपण थांबू नये.