पाणंदीची गाडी

अकलूजमधले रस्ते सुधारले, पण नीराकाठच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या पाणंदी पावसाळ्यात अजून तशाच. काळी माती चाकात भरली की मोटारसायकलही जागची हलत नाही. वस्तीवरच्या आजारी माणसाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डांबरी सडकेवर आणलेले मी पाहिले आहे. आडवे पडलेल्या माणसाला ते धक्के सोसत नाहीत हो!

अशा वाटेवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आहेत की. मारुतीची जिम्नी २०२३ साली आली, पण तेव्हा किंमत पावणेतेरा लाखांपासून पुढे होती. दोन एकर उसाच्या धन्याने ती फक्त पाहायची.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी मुलासाठी भंगारातून छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी, खर्च सुमारे ६०,००० रुपये. आनंद महिंद्रांनी कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. छानच झाले. मला मात्र वाटते, मंडळी, एका लोहारकाम करणाऱ्याला जे सुचले ते कारखानदारांनी मनावर घ्यावे. उंच चाकांची, साधी, तीन-चार लाखांतली गाडी कुणी काढली, तर हौसेसाठी नव्हे, गरजेपोटी आमच्याकडे रांग लागेल.