खर्जाचा भार

निलंग्यात आपली ख्रिस्ती कुटुंबे थोडकीच. ज्या खोलीत मी मिस्सा अर्पण करतो, तिला वर पत्रे आहेत. रुंदी सुमारे १५ फूट आणि लांबी त्याच्या जवळजवळ दुप्पट. ही मापे सांगण्याचे कारण पुढे येईल.

नाताळनंतरच्या एका रविवारी आमच्या गायकवृंदातील एका तरुणाने बास गिटार आणली. तिची सर्वांत जाड तार त्याने एका पूर्ण स्वराने खाली उतरवली होती. या मुलांच्या भाषेत त्याला ‘ड्रॉप डी’ म्हणतात. अर्पणगीताच्या वेळी त्याने ती तार छेडली आणि सारी खोली गडगडली. पत्रे थरथरले. भिंतीशी बसलेल्या एक आजी ताडकन उठल्या आणि नातीचा हात धरून उघड्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. “भुई हालल्यागत झालं, फादर,” एवढेच त्या नंतर म्हणाल्या.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे दगडमातीखाली गेली. २०२२ च्या सप्टेंबरात याच निलंगा तालुक्यातील हासोरीत जमिनीतून पुन्हा गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. इथल्या माणसाला खालून येणारा आवाज हा निव्वळ आवाज नसतो.

मी वेदीवरूनच त्या मुलाला म्हणालो, “बंद कर तो गोंगाट!” त्याने तार हाताने दाबली, मान खाली घातली. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

मला चैन पडेना. सेमिनरीत असताना ऑर्गनचा खालचा सूर ऐकून मी स्वतः कितीदा भारावून गेलो होतो! १६ फुटी नळीचा तो षड्जासारखा स्थिर सूर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा असतो. या मुलाच्या उतरवलेल्या तारेचा सुमारे ३७. मग एका सुराने मन प्रार्थनेत बुडावे आणि दुसऱ्याने आजींनी अंगणात पळावे, असे का? ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनेविषयीच्या संविधानात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा गौरव केला, तसेच पवित्र कार्याला साजेशा किंवा साजेशा करता येतील अशा अन्य वाद्यांनाही दार उघडे ठेवले. ‘साजेशा करता येतील’ यातील कष्ट माझ्या वाट्याचे होते. ते मी केले नव्हते. मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली.

शनिवारी आम्ही दोघे रिकाम्या खोलीत बसलो. तो एकच सूर वाजवत राहिला आणि मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेलो. नवल असे की, भिंतीशी कान दडपून टाकणारा तो सूर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होत होता! हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. ३७ कंपनांच्या सुराची लाट हवेत सुमारे ३० फुटांची, तिची अर्धी लांबी १५ फूट. म्हणजे नेमकी आमच्या खोलीची रुंदी. अशा वेळी सूर दोन्ही भिंतींशी फुगतो आणि मध्ये ओसरतो. मुलगा उभा होता मध्यभागी. त्याला ऐकू येईना, म्हणून तो ‘बास’चे बटण वाढवत गेला. भिंतीशी बसलेल्या आजींना मात्र सारा मारा सोसावा लागला. स्पीकरचे खोके कोपऱ्यात असल्याने त्यात आणखीच भर पडली होती.

दुसरा दोष तारेत होता. आमच्या गायकवृंदातील मृदंग वाजवणारे एक ज्येष्ठ गृहस्थ ऐकत बसले होते. ते म्हणाले, “पोरा, तू तार नुसती ढिली केलीस. आम्ही मृदंगाचा डावा आवाज खाली आणायला वादी सैल करत नाही, पुडीला कणीक लावतो. खाली जायचं तर वजन पाहिजे.”

ते अगदी खरे होते. एक स्वर उतरवला की तारेचा ताण सुमारे ८० टक्क्यांवर येतो. ती पडद्यांवर आपटते, सूर धरत नाही. मुलाने १०५ क्रमांकाऐवजी ११५ ची जाड तार हैदराबादहून मागवली, तिच्यासाठी खाच किंचित रुंद केली, घोडीवरचा स्क्रू फिरवून सूर जुळवला. खोके कोपऱ्यातून पुढे घेतले. ‘बास’चे बटण वाढवण्याऐवजी कमी केले आणि त्याच्या वरच्या पट्ट्या थोड्या उचलल्या, कारण खर्जाची ओळख कानाला त्याच्या वरच्या स्वरांवरूनच पटते. ते स्पष्ट असले की मूळ सूर क्षीण असूनही मन तो भरून काढते. आवाज लहान झाला आणि खर्ज मोठा झाला.

एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर भूकंपात परमेश्वर भेटला नाही, हे मी कितीदा प्रवचनात सांगितले असेल. नम्रतेविषयीही खूप बोललो आहे. पण नुसते सैल पडणे आणि भार घेऊन खाली उतरणे यांतला फरक मला त्या तारेने शिकवला. वेदीवरून ओरडलो, त्या दिवशी माझाही ताण सुटला होता आणि मी आपटलो होतो.

ईस्टरच्या जागरणविधीत गौरवगीत सुरू झाले, घंटा वाजल्या आणि त्यांच्याखाली तो सूर उभा राहिला. आजी त्याच जागी, भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी एक तळवा भिंतीला लावून पाहिला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग गाऊ लागल्या.

मिस्सेनंतर त्या मुलाजवळ जाऊन म्हणाल्या, “आज सूर कळला रं बाळा. त्या दिशी नुसती भुईच बोलत होती.”

मुलगा हसला. मी मात्र अजूनही, तो खालची तार छेडतो तेव्हा, एकदा पत्र्यांकडे आणि एकदा आजींकडे पाहतोच.