पांढऱ्या टोपणाची बाटली

करमाळा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी काढलेलं, डी.फार्म. करून आले तेव्हापासून काउंटर माझ्याकडे. दुकानातल्या औषधांची माझ्या मनात एक उतरंड होती. सगळ्यात वर झोपेच्या, फिटच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या चिठ्ठीशिवाय नाहीत म्हणजे नाहीत, मग मागणारा सख्खा मावसभाऊ का असेना. मधे तापाच्या, साखरेच्या, पित्ताच्या. आणि सगळ्यात खाली बाम, ओआरएस, चघळायच्या गोळ्या आणि डोळ्यांचे थेंब. थेंब काही पोटात जात नाहीत. डोळ्यात पडतात, निम्मे गालावरून ओघळतात. त्यानं काय व्हायचंय, असं माझं सरळ मत होतं. कायद्यानं त्यातल्या बऱ्याच बाटल्या शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या यादीत येतात, लेबलवर लाल रेघ असते, हे ठाऊक होतंच. पण ती रेघ मला इन्स्पेक्टरसाठी काढलेली वाटायची.

आता त्या उतरंडीत थेंब बरेच वर गेलेत. ते का, हे लिहायला बसले आहे. कुणाचा डोळा गेला आणि माझे डोळे उघडले, अशी ही गोष्ट नाही. तसं काही घडलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मत झिजत झिजत बदललं.

सुरुवात झाली 2023 च्या पावसाळ्यात. डोळ्यांची साथ आली होती. आधी आळंदीच्या बातम्या आल्या, मग राज्यभर पसरली, आणि आमच्याकडे एकेका वर्गातली निम्मी पोरं डोळे चिकटवून घरी बसली. दुकानात थेंबांची रांग लागली. चार दिवसांत माल संपला. स्टॉकिस्टकडे फोन केला तर तिकडेही ठणठणाट. मग येईल त्याला मी नाइलाजानं सांगायची की, मावशी, थेंब नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या घड्या ठेवा, उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं पुसा, टॉवेल वेगळा करा, हात सारखे धुवा. लोक नाराज होऊन जायचे. आठ-दहा दिवसांनी तेच लोक दुसऱ्या कशासाठी तरी यायचे आणि डोळे चांगले असायचे. ज्यांना बाटली मिळाली त्यांचेही तेवढ्याच दिवसांत, ज्यांना मिळाली नाही त्यांचेही. साथ विषाणूची होती. थेंबांतल्या अँटिबायोटिकचा तिच्याशी संबंध नव्हता, हे मी कॉलेजात शिकलेही होते. पण शिकलेलं एकीकडे आणि काउंटर एकीकडे, तसं चाललं होतं. माल संपला नसता तर यश बाटलीच्या खात्यावर जमा झालं असतं आणि मीही ते मान्य केलं असतं.

म्हणजे इतकी वर्षं लोक 'ताई, तुमच्या थेंबानं लगेच फरक पडला' म्हणत होते, त्यातला किती फरक थेंबाचा होता?

काही बाटल्यांनी फरक खरंच पडतो, आणि लगेच पडतो. गोम तिथंच आहे. डोळे लाल झालेला माणूस दुकानात येतो तो लाली घालवायला. लाली घालवणारे थेंब ढोबळमानानं दोन तऱ्हेचे. एकात नाफाझोलिनसारखं औषध असतं, सोबत बऱ्याचदा कापूर-मेंथॉल. डोळ्यात घातलं की गारेगार वाटतं आणि पाच मिनिटांत डोळा पांढराशुभ्र दिसायला लागतो. औषधानं फक्त डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. असर उतरला की त्या पुन्हा फुलतात, आणि रोज घालत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुलतात. मग माणूस आणखी थेंब घालतो. आमच्याकडे एक ट्रकवाले दादा होते, डॅशबोर्डवर बाटली ठेवायचे. त्यांची लाली धुळीची होती का बाटलीची, हे कुणालाच सांगता आलं नसतं. उन्हात तापलेल्या काचेमागे ठेवलेलं औषध कितपत औषध राहतं, हा प्रश्न आणखी वेगळा.

दुसरी तऱ्हा स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन किंवा त्याच्या जातीतलं दुसरं, एकटं नाहीतर अँटिबायोटिकला जोडलेलं. ही बाटली स्वस्त. आमच्या भागात तिचं नाव कुणी घेत नाही. 'डोळं लई खाजायलंय ताई, ती पांढऱ्या टोपणाची द्या की,' असं म्हणतात. दुकानातल्या बहुतेक सगळ्या बाटल्यांची टोपणं पांढरीच असतात, पण मागणाऱ्याला काय हवंय ते मला कळायचं. कारण ते घातलं की खाज बसते, सूज उतरते, डोळा निवळतो. मनापासून सांगते, मलाही ती बाटली आवडायची. गिऱ्हाईक परत येऊन दुवा देतं असं औषध कुणाला आवडत नाही?

तिच्याबद्दल माझं मन फिरलं ते एका लॅमिनेशन केलेल्या चिठ्ठीमुळे. दहा-बारा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी. उन्हाळा लागला की त्याचे डोळे खाजायचे, दोरीसारखी चिकट चिपडं यायची, उजेड सहन व्हायचा नाही. आमच्या कोरड्या, तापत्या मुलखात पोरांना ही ॲलर्जी होते, मुलग्यांना जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते. चिठ्ठी फाटू नये म्हणून घरच्यांनी ती लॅमिनेट करून आणली होती. मी ती नेहमीसारखी वरून पाहिली, बाटली काढली, आणि बिल करताना सहज खालची ओळ वाचली: दिवसातून चार वेळा, एक आठवडा, मग कमी करत बंद, मग तपासणी. तारीख दोन उन्हाळ्यांपूर्वीची. प्लॅस्टिकमध्ये घातल्यावर 'एक आठवडा' हे शब्द कायमचे झाले होते.

बाटली परत ठेवली आणि त्यांना आधी तपासून या म्हटलं. वडील रागावले. पोराचा डोळा तर अगदी स्वच्छ आहे, तपासायचं काय, हा त्यांचा सवाल. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. आता देते. स्टेरॉइडचे थेंब आठवड्यांमागून आठवडे पडत राहिले तर साधारण तिघांत एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि थोड्या जणांत खूपच वाढतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची बारीक चाळणी तुंबते. दाब साधारण 21 च्या आत असावा लागतो. त्याच्या वर तो महिनोन् महिने राहिला की मागची नस सुकत जाते. हाच काचबिंदू. तो दुखत नाही, खाजत नाही, डोळा लाल करत नाही. कडेची नजर आधी जाते, म्हणून कळतही नाही, आणि गेलेली परत येत नाही. शिवाय त्याच थेंबांनी कोवळ्या वयात मोतीबिंदू होऊ शकतो तो वेगळाच. म्हणजे डोळा बाहेरून जितका निर्मळ, तितकं आत काय चाललंय ते बघायची गरज जास्त. दाब मोजायचं मशीन माझ्या काउंटरवर नाही, आणि पोराच्या बापाकडेही नाही.

तो मुलगा नंतर तपासून आला. नवी चिठ्ठी आणली, वेगळ्या औषधाची. दाब किती निघाला ते मी विचारलं नाही.

त्यानंतर माझा झोक दुसरीकडे गेला, तेही सांगायला हवं. स्टेरॉइड म्हटलं की मी माणसाला घाबरवायलाच लागले. एका बाईंना डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी ते थेंब लिहिले होते. माझं ऐकून त्या बाटली न घेताच निघाल्या. मग मीच मागून हाक मारून बोलावलं. ऑपरेशननंतर आतली सूज आटोक्यात राहायला ते लागतातच. ॲलर्जी फार उसळली तरी लागतात, नाहीतर पापणीच्या आतले खडबडीत उंचवटे घासून बुबुळावर जखम होते. औषधात दोष नाही. ज्यानं लिहिलं तो पुन्हा डोळा बघणार आहे का, एवढाच प्रश्न आहे. हे एवढं साधं वाक्य माझ्या तोंडी यायला वेळ लागला.

सुगीचे दिवस मात्र वेगळे. माघ-फाल्गुनात आमच्याकडे ज्वारीची मळणी चालते. मशीनपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यात भुसा, कूस काहीतरी जातंच. तो डोळा चोळतो, गावातल्या कुणाकडून तरी जिभेनं नाहीतर पदराच्या टोकानं कचरा काढून घेतो आणि माझ्याकडे येतो: 'लाल झालाय, चुरचुरतोय, ड्रॉप द्या.' पिकाच्या पात्यानं, कुसानं बुबुळावर ओरखडा उठला की त्यातून बुरशी शिरू शकते. अशा डोळ्यात स्टेरॉइड घालणं म्हणजे राखणदाराला घरी पाठवून रानडुकरांना शेत मोकळं करून देणं. दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि आत जखम पसरत राहते. आमच्या बाजूला बुबुळावर पांढरा डाग असलेली म्हातारी माणसं अजून दिसतात. 'फूल पडलंय' म्हणतात आणि कारण विचारलं तर बरेचदा शेतातलीच गोष्ट निघते.

म्हणून डोळ्यात काही गेलंय, उजेड टोचतोय, अंधुक दिसतंय, किंवा एकच डोळा दुखतोय, असं ऐकलं की मी काही देत नाही. ॲलर्जी बहुतेक दोन्ही डोळ्यांना होते आणि तिचं मुख्य लक्षण खाज, ठणका नव्हे. मळणी सोडून करमाळ्याला नाहीतर बार्शीला जा म्हणणं मला सोपं आहे. मशीन तासावर ठरवलेलं असतं, मजूर लावलेले असतात. मागच्या सुगीत एक मामा ऐकून घेऊन 'बरं' म्हणाले आणि सरळ पलीकडच्या गल्लीत वळले. तिथंही मेडिकल आहे. माझं मत बदलून त्यांच्या डोळ्याचं काय झालं, हे मला ठाऊक नाही.

साध्या खाजणाऱ्या डोळ्यांना आता मी काय सांगते? आधी चोळणं बंद. चोळल्यानं ॲलर्जीची खाज वाढतेच. गार पाण्याची घडी ठेवा. कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. धूळ, पराग त्यानं धुतले जातात आणि ते मी चिठ्ठीशिवाय खुशाल देते. गुलाबपाणी, मध, एरंडेल, बाळंतिणीचं दूध यातलं काही नको, कारण डोळ्यात जायची वस्तू निर्जंतुक हवी. तरी खाज राहिली तर ओलोपाटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब डॉक्टर देतात. क्रोमोग्लायकेट लिहिलं असेल तर धीर धरावा लागतो. ते दोन-तीन आठवड्यांनी अंगी लागतं. लोक चौथ्या दिवशी बाटली परत आणतात, 'काही गुण नाही' म्हणून.

आणि थेंब घालायचा तो एकच. डोळ्यात मावतं साधारण 30 मायक्रोलिटर, आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच बहुधा तेवढा नाहीतर त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालाला लागतो. जो आत राहतो त्यातला काही कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि घशात उतरतो, म्हणून थेंब घातल्यावर तोंड कडू होतं. नाकातून तो रक्तात जातो. काचबिंदूच्या टिमोलॉलनं दमेकऱ्याला धाप लागू शकते ती याच वाटेनं. 'डोळ्यातलं औषध रक्तात जात नाही' हे माझं जुनं मत इथं पार कोसळलं. म्हणून खालची पापणी ओढून खोबणीत थेंब टाकायचा, डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी.

बाटलीवरचं इंग्रजी मी आता गिऱ्हाईकाला वाचून दाखवते. बाटलीचं टोक कशालाही लावू नका, हे तिथं छापलेलं असतं. आमच्याकडे आई पोराच्या पापणीला नळी टेकवूनच पिळते, मग तीच बाटली धाकट्याला. कानाच्या थेंबांचा गोंधळही नेहमीचा. काही बाटल्या डोळ्याला आणि कानाला दोन्हीकडे चालतात, म्हणून लोकांना वाटतं सगळ्याच चालतात. नुसते कानाचे थेंब डोळ्यात घालायचे नसतात, आणि कानात घातलेली बाटली पुन्हा डोळ्याकडे आणायची नसते.

बाटलीवर आणखी एक ओळ असते: उघडल्यापासून एक महिन्यात वापरा. ही कुणी पाळत नाही. देव्हाऱ्यामागच्या फळीवर मागच्या साथीतली अर्धी बाटली जपून ठेवलेली असते, 'एक्सपायरी अजून लांब आहे' म्हणून. ती तारीख सीलबंद बाटलीची, हे सांगून सांगून थकले. शेवटी मी मार्कर घेऊन प्रत्येक बाटलीवर विकल्याची तारीख टाकायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक आजी बाटली घेऊन परत आल्या. 'आगं, ही आजच मुदत संपलेली दिलीस की मला.' आता मी खोक्यावर 'उघडली' एवढंच लिहिते आणि पुढे जागा मोकळी सोडते. ती भरतात का कुणी, बघायचंय.