भरती उधाणाची की भांगाची?

हात थरथरू लागल्यापासून मी सांगतो आणि भाची लिहिते. निवृत्त होऊन वरोरला आलो तरी परदेशी पाहुण्यांसमोरची भाषणं लिहायला अजून माझ्याकडे येतात. परवा सांगितलं, ‘दोन्ही देशांच्या मैत्रीला भरती आली आहे.’ तिने पेन थांबवलं. “मामा, उधाणाची की भांगाची?” भांगाचं पाणी जेमतेम चढतं. शिवाय भरती म्हटली की मागून ओहोटी आलीच. वाक्य खोडलं.

रूपक आपण सुरू करतो, पण ते कुठे थांबेल हे ऐकणारा ठरवतो. आयुष्यभर मी इथेच अडलोय. जुलै १९८९ मध्ये गोर्बाचेव्ह स्ट्रासबर्गला ‘सामायिक युरोपीय घरा’विषयी बोलले. घर म्हटल्यावर लोक खोल्या मोजणारच, आणि बर्लिनची भिंत तेव्हा उभीच होती. त्यापेक्षा चर्चिलचा १९४६चा लोखंडी पडदा पक्का. तो शब्द त्यांच्या आधीही वापरात होता, पण पलीकडचं दिसत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं आणि पडदा तेवढंच सांगतो. १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र म्हणाला. डोंगर धावतो कसा, हे कोणी विचारलं नाही. असं वाक्य मला एकदाही जमलं नाही, याचा हेवा वाटतो.

आताचे लेखक अक्षरं जुळवतात. भारताच्या सागरी धोरणाचं नाव २०१५ला मॉरिशसमध्ये ‘सागर’, २०२५ला तिथेच ‘महासागर’. इंग्रजी आद्याक्षरांचा हा खेळ हुशारीचा आहे, पण त्यात पाणी नाही. मी तरी कुठला साधू! माझं एक वाक्य मथळा झालं, तेव्हा ते कात्रण कित्येक दिवस खिशात घेऊन फिरलो. नाव भाषण करणाऱ्या साहेबांचं होतं, तरीही.

जून २०२४ मध्ये केंद्राने आमच्या वरोरजवळचं ७६,२०० कोटींचं वाढवण बंदर मंजूर केलं. भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरला त्याचा उपयोग होईल, असंही सांगितलं. कॉरिडॉर हेही रूपकच. दिल्लीतल्या पाहुण्यांना त्यात रस्ता दिसतो. पण समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार, हे इथल्या मच्छीमाराला ठाऊक आहे. कॉरिडॉर कोणाच्या घरातून जातो, असं तो विचारणारच. त्याचं उत्तर तयार नसेल, तर निदान डहाणूच्या सभेत तरी हा शब्द वापरू नका.