अंतरांचं घर

एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसोबत यायचा तो किनेक्ट कॅमेरा कुणी टाकायला काढला, की मी मागून घेतो. खेळायला नव्हे, घर मोजताना त्याला बघायला.

त्या काळ्या पट्टीतला इन्फ्रारेड लेसर घरभर ठिपके शिंपतो. आपल्याला त्यातलं काही दिसत नाही. थोड्या अंतरावरचा कॅमेरा मात्र कुठला ठिपका किती सरकला ते हेरतो आणि अंतर काढतो, सेकंदाला तीस वेळा. २०१०च्या ४ नोव्हेंबरला अमेरिकेत हे खेळणं बाजारात आलं. १० तारखेला हेक्टर मार्टिन नावाच्या प्रोग्रामरने त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहून बक्षीसही जिंकलं. आणि त्याच्याकडे एक्सबॉक्स नव्हताच! दीडशे डॉलरांत रोबोवाल्यांना डोळा मिळाला.

लिनक्सवर तो डोळा उघडेपर्यंत मात्र बरेच मानपान. वायर जोडली की कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर त्याला साधा वेबकॅम समजून आधीच ताब्यात घेतो. त्याला हटवलं, तर उपकरण वापरायची मुभा देणारा युडेवचा नियम नाही म्हणून परवानगी नाही. तीही मिळाली, तरी ठिपके दाखवणाऱ्या आरव्हिज या प्रोग्रामचा पडदा काळा तो काळाच. कारण ‘फिक्स्ड फ्रेम’मध्ये, म्हणजे कशाच्या संदर्भाने दाखवायचं त्या रकान्यात, ‘मॅप’ लिहिलेलं, आणि नकाशा तर अजून कुणी बनवलेलाच नाही. तिथे ‘कॅमेरा_लिंक’ लिहायचं.

मग ठिपक्यांचं घर उभं राहतं. रंग नाही, नावं नाहीत. कोण किती लांब एवढंच. हात पुढे धरला, की मागच्या भिंतीवर हाताच्याच आकाराचं एक भोक पडतं. लेसर आणि कॅमेरा शेजारी असले तरी एका जागी नाहीत. लेसरचा प्रकाश हाताने अडतो, भिंतीच्या त्या तुकड्यावर ठिपकेच पोचत नाहीत. अंतरालाही सावली असते, हे मला त्या भोकाने दाखवलं. ती बघत मी उगाच हात हलवत बसतो.

काचेच्या कपाटाजवळही अशीच भोकं. दुपारी उन्हाचा पट्टा आत आला, की तेवढी फरशी गायब. तिथे आकडा येतो शून्य. म्हणजे अंतर शून्य नव्हे; मोजता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. हल्ली नुसत्या फोटोवरून अंतर सांगणारी मॉडेल्स आली आहेत; ती काचेबद्दलही बेधडक बोलतात. शून्य म्हणजे मोकळी वाट असं प्रोग्राममध्ये धरलं, तर रोबो कपाटावर जाऊन आदळेल. त्यात किनेक्टचा काय दोष? त्याने तर सांगितलं होतं.